ज्ञानू मिस्त्रीची परांची

ज्ञानू मिस्त्रीवर मी अजून रागावलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. मेलेल्या-गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहावेत, म्हणून मी बसलेलो नाही. आठ वर्षं तो माझ्या कामांवर होता आणि एका सकाळी हत्यारांची पेटी उचलून चालता झाला. भांडण नाही, शिवी नाही. भांडला असता तर मी ऐकून घेतलं असतं, वर दोन सुनावल्या असत्या. मला ते चांगलं जमतं. पण त्याने तेवढीही संधी दिली नाही, आणि माझा राग तिथेच अडकून बसला आहे.

मी बांधकामाचा ठेकेदार. पलूसजवळच्या खेड्यातून सांगलीला आलो तेव्हा हळदीच्या वखारीत पोती उचलत होतो. पोत्यांवरून विटांवर गेलो, विटांवरून वाळूच्या गाडीवर आणि गाडीवरून ठेक्यावर. कुणी हात धरून वर नेलं नाही. वाळूवाल्याशी आठ आण्यांसाठी अर्धा तास घालायचा, हा माझा रिवाज, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

आमच्या धंद्यात राबण्याचं काही वाटत नाही. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, तेही आम्ही कचेऱ्यांचे उंबरे झिजवून आणायचो. खरी रखडपट्टी सुरू व्हायची ती काम संपल्यावर. घर बांधून घेताना माणूस जितका गोड असतो तितका तो पुन्हा आयुष्यात कधी नसतो. पायाला नारळ फोडताना, ‘अण्णा, तुमच्यावर सोडलंय सगळं.’ स्लॅब पडला की, ‘अण्णा, जरा दम धरा.’ आणि रंग वाळला की तो घरात असूनही घरात नसतो. त्याची बायको दाराच्या फटीतून सांगते, ‘आवं, आत्ताच भाईर गेल्यात.’ आणि तिच्या मागे त्याचा खोकला ऐकू येत असतो.

अशा वेळी मी ओरडायचो. ज्ञानू ओरडायचा नाही.

तो अठ्ठावन्न सालच्या सुमारास माझ्याकडे आला. उंच, काळा, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली. अंगात अर्ध्या बाह्यांचा खाकी सदरा आणि कानावर पेन्सिल. लिहायला तो तिशीत शिकला, रात्रीच्या वर्गात. त्यामुळे पेन्सिलीचा त्याला भारी सोस. प्रत्येक भिंतीवर मापं लिहायचा आणि गिलावा चढवायच्या आधी स्वतःच पुसायचा. भिंतींना ‘बाई’ म्हणायचा. ‘ही बाई जरा रुसलीया, उद्या बगू तिच्याकडं.’ घडीव दगडाचं काम त्याच्यासारखं करणारा माणूस मी सांगली-साताऱ्यात दुसरा पाहिला नाही. दोन दगडांमधली सांध अशी बसवायचा की तिच्यात पोस्टकार्ड शिरायचं नाही. तो माझा पगारी नव्हता. दगडकाम माझ्याकडून उक्तं घ्यायचा आणि आपली माणसं लावून पुरं करून द्यायचा.

त्याच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि तिच्याखाली मुलीच्या शाळेतल्या बक्षिसांचे कागद खिळ्याला अडकवलेले असायचे. त्या काळी खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांत त्याच्यासारख्यांचे कप बाहेर खुंटीला वेगळे टांगलेले असत. ज्ञानू आपला पितळी पेला पिशवीत घेऊन हिंडायचा. हॉटेलवाल्याची नजर खुंटीकडे वळायच्या आत हा पेला पुढे करायचा. ‘ह्यात घाला. मला दुसऱ्याच्या उष्ट्या कपात चालत न्हाई.’ हॉटेलवाला गोंधळून चहा ओतायचा. कुणी कुणाला बाजूला ठेवलं हे त्याला दुपारपर्यंत उमगत नसे.

त्याची दुसरी खोड परांचीची. परांची म्हणजे भिंतीला लागून बांधलेला कळकांचा सांगाडा, ज्यावर उभं राहून गवंडी काम करतो. काम संपलं की कुठलाही ठेकेदार ती त्याच दिवशी उतरवतो, कारण कळक पुढच्या कामाला लागतात. ज्ञानू मागची उतरवायचा, बाजूची उतरवायचा, आणि दर्शनी भिंतीची तशीच ठेवायचा. बिल हातात पडेपर्यंत.

पहिल्यांदा त्याने हे केलं ते सांगलीत, एका हळदीच्या अडत्याच्या वखारीवर. मी त्याच्या अंगावर ओरडलो, ‘ज्ञानू, साठ कळक अडकल्यात माझं तिथं! लोणचं घालायचंय का त्यांचं?’

‘अण्णा,’ तो म्हणाला, ‘तुमी बोलाय गेला की शेट आत जाऊन बसतो. परांची दारात हुबी ऱ्हाती. तिला काय बी म्हना, ती हालत न्हाई.’

रोज सकाळी कामावर जाताना तो वखारीपाशी सायकल टेकवायचा, परांचीचा एक सुंभ सोडायचा आणि तोच पुन्हा बांधायचा. ‘नमस्कार शेट, बरं हाय न्हवं?’ एवढं विचारून निघायचा. पैशाचं अक्षर नाही. पेठेतली माणसं मात्र विचारायला लागली, ‘काय शेट, काम चाललंय अजून?’ पहिले चार दिवस शेट म्हणाला, ‘हो, जरा राहिलंय.’ मग लोक मान वर करून काय राहिलंय ते शोधू लागले. भिंत तर वरपासून खालपर्यंत पांढरी स्वच्छ. हळद घेऊन आलेले शेतकरी गाडीवरून उतरून परांचीकडे बघत आणि आपसात कुजबुजत, ‘गवंड्याचं भागवंना, आपलं काय भागीवतोय ह्यो?’ दोन-तीन गाड्या शेजारच्या अडतीत वळल्या. तिसऱ्या आठवड्यात शेटचा मुनीम माझ्या वाड्यावर आला आणि सगळे पैसे टाकून म्हणाला, ‘आधी ते कळक हलवा हो तिथनं.’

त्याच वर्षी साताऱ्यात एका वकिलाने माझे पावणेतीनशे रुपये थकवले. मी ज्ञानूला न विचारता गेलो, त्याच्या पक्षकारांसमोर त्याला चोर म्हणालो आणि टेबलावर मूठ आपटून आलो. आठ दिवसांत अब्रुनुकसानीची नोटीस. ती मिटवायला दुसरा वकील करावा लागला, आणि पावणेतीनशे त्यातच बुडाले. ज्ञानू एवढा हसला की त्याच्या हातातली थापी पडली. ‘अण्णा, तुमी त्येच्या पैशाला गेलता का त्येला काम द्यायला?’

मी त्याला दोन शिव्या दिल्या. पण त्यानंतर वसुलीचं त्याच्या मनाप्रमाणे होऊ लागलं. माझे बुडणारे पैसे निघू लागले, हे मी नाकारत नाही.

वाईचं काम मात्र मी जन्मात विसरणार नाही. कृष्णेच्या घाटावर एका मोठ्या घराची मागची भिंत आणि नदीकडे उतरणाऱ्या सात पायऱ्या बांधायच्या होत्या. मालक पूजाअर्चा करणारे, वयस्कर, बोलायला मऊ. काम झाल्यावर ते म्हणू लागले, भिंत कलली आहे. ज्ञानूने ओळंबा सोडला. दोरीला टांगलेलं लोखंडी वजन भिंतीला लागून सरळ उभं राहिलं, सुताचाही फरक नाही. मालक म्हणाले, ‘असेल, पण आमच्या डोळ्यांना दिसतो.’ ज्ञानूने ओळंबा काढलाच नाही. तो तिथेच टांगता ठेवून आम्ही सांगलीला परतलो. घाटावर आंघोळीला येणारा जो तो ओळंबा बघे, भिंत बघे आणि मालकांकडे बघे. दहा-बारा दिवसांनी त्यांचा निरोप आला, पैसे घेऊन जा.

आम्ही गेलो. मालक वरच्या ओट्यावर, आम्ही खाली पायऱ्यांवर. त्यांनी नोटांची पुरचुंडी काढली आणि वरूनच ज्ञानूच्या पायापाशी सोडली. पुरचुंडी ओल्या पायरीवर पडली. तीनशे चाळीस रुपये. मी चटकन वाकलो. नोटा भिजतील याचीच मला काळजी. ज्ञानूने माझा दंड धरला.

‘अण्णा, ऱ्हाऊ द्या.’

‘अरं, भिजत्यात!’

‘भिजू द्या. त्येंचं हायत अजून.’ मग वर बघून, आवाज न चढवता, ‘बाबा, भित माझ्या हातानं बांधलीया. पैसं बी हातातच द्या.’

घाटावर धुणं धुणाऱ्या बायका थांबल्या. मालक आत गेले. ज्ञानू हात पुढे करून उभा राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण माझी पुण्याहून येणारी गाडी चुकली, दुसरीही चुकली. मी घाम पुसत होतो, त्याच्या नावाने चरफडत होतो. तीनशे चाळीस रुपये पायाशी पडलेत आणि हा माणूस हात पसरून उभा! शेवटी मालकांचा मुलगा बाहेर आला. तो पुण्याला कॉलेजात शिकत होता. त्याने खाली उतरून पुरचुंडी उचलली, पंच्याने पुसली आणि ज्ञानूच्या हातात ठेवली. ‘माफ करा हं मिस्त्री,’ असंही म्हणाला. ज्ञानूने नोटा मोजल्या, माझ्याकडे दिल्या आणि त्याला म्हणाला, ‘तिसऱ्या पायरीला शेवाळ लवकर धरंल. आईला जपून उतराय सांगा.’

असा माणूस. माझ्यासारख्याला त्याच्याबरोबर काम करणं म्हणजे रोजचा मनस्ताप होता. आणि तो नसला की कामावर जीव लागायचा नाही.

आता सुभेदारांचं सांगतो.

पलूसच्या बाजूला उसाची मोठी बागायत असलेले एक सुभेदार होते. पलटणीतून निवृत्त होऊन आलेले, पांढऱ्या मिशा, कडक इस्त्री. त्यांनी बंगला बांधायला काढला. खाली घडीव दगडाचं जोतं, पुढे चार दगडी खांबांची पडवी. सगळं काम ज्ञानूचं. दीड वर्ष चाललं. शेवटी हिशेब झाला तेव्हा सुभेदारांकडून तीन हजार शंभर रुपये यायचे होते आणि त्यातून ज्ञानूचे सहाशे वीस माझ्याकडून जायचे होते. रिवाजाप्रमाणे ज्ञानूने पडवीपुढची परांची ठेवली.

ती सहासष्टच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सुभेदारांच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलेलं, मांडव बंगल्यासमोर. आणि मांडवामागे साठ कळक, सुंभांनी आवळलेले.

एका सकाळी सुभेदार जीपमधून माझ्या वाड्यावर आले. सोबत गुळाची एक ढेप. उतरताच म्हणाले, ‘काय अण्णासाहेब!’

माझ्या नावापुढे साहेब लावणारा तो पहिला माणूस. मी उठून उभा राहिलो. ते कसं झालं ते मला अजून कळत नाही.

‘लेकीचं लगीन आलंय,’ ते म्हणाले. ‘साताऱ्यासनं पावनं येनार, बडी बडी मानसं. परांची बगून म्हनतील, सुभेदाराचा बंगला अर्धाच. लग्नाच्या दुसऱ्या दिशी तुमचं पैसं. जवानाचा शबुद हाय.’

मी कच्चा नव्हतो. नुसत्या शब्दावर मी कुणाला विटेचा तुकडा दिलेला नाही. मी घासाघीस सुरू केली. निम्मे आत्ता द्या, म्हणालो. ते म्हणाले, आत्ता लग्नाचा खर्च. मग म्हणाले, ‘आमच्या मेव्हन्याच्या सोसायटीचं गोदाम बांधायचंय. तीस हजाराचं काम. माझा शबुद मोडत न्हाई त्यो. तुमच्या नावानं सांगून टाकतो.’

तीस हजार. तीन हजारांच्या बिलापायी तीस हजारांच्या गिऱ्हाइकाला दुखवायचं? मी मनात हिशेब केला, आणि तो मला फार हुशारीचा वाटला. मी हो म्हणालो.

ज्ञानूला सांगितलं तेव्हा तो दगडावर बसून बिडी ओढत होता. त्याने बिडी दगडावर घासून विझवली.

‘अण्णा, परांची उतरली की बिल उतरलं.’

‘तुला ठेक्यातलं काय कळतंय? तीस हजाराचं काम मिळवलंय मी!’

‘कागूद दिला?’

‘शब्द दिलाय.’

‘तवा मग,’ तो म्हणाला आणि उठला. ‘कळक तुमचं हायत. तुमी म्हनाल तसं. माझं सहाशे ईस तेवढं जून लागायच्या आत द्या. सुमनचं नाव घालायचंय.’

सुमन त्याची मुलगी. त्याच वर्षी मॅट्रिक झालेली, त्यांच्या भावकीतली पहिली. साताऱ्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला तिला जागा मिळणार होती. फी माफ होती, पण खोली, खानावळ, पुस्तकं, दोन बरी लुगडी, सगळं जूनच्या पहिल्या आठवड्यात लागणार होतं. ती गेली तर दोन वर्षांनी बाई होऊन शाळेत उभी राहणार. ज्ञानू या गोष्टीवर फार बोलायचा नाही, पण त्या उन्हाळ्यात त्याच्या पेन्सिलीने भिंतीवर मापांच्या बाजूला खानावळीचे आकडे लिहिलेले मी पाहिले होते.

‘जूनच्या आत देतो,’ मी म्हणालो. ‘माझा शब्द.’

ज्ञानूने स्वतःच्या हाताने परांची उतरवली. प्रत्येक सुंभ सोडून त्याची नीट गुंडाळी केली. एकही कापला नाही.

लग्नात सुभेदारांनी मला मानाचा फेटा बांधला, साताऱ्याच्या पाहुण्यांसमोर, सगळ्या गावासमोर. ‘ह्ये आमचं अण्णासाहेब. बंगला ह्येंनीच उठवला.’ टाळ्या झाल्या. ज्ञानूलाही आमंत्रण होतं. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. सुभेदार म्हणाले, पाहुणे आहेत अजून. आठवड्याने गेलो, म्हणाले, कारखान्याचं उसाचं बिल यायचंय. जूनच्या पहिल्या तारखेला गेलो, तेव्हा पडवीत, ज्ञानूच्या खांबाला टेकून बसले होते. आवाज बदललेला.

‘कसलं पैसं, अण्णा? तुमचं सगळं भागलंय की.’

मी ओरडलो. इतका ओरडलो की पलूसपर्यंत ऐकू गेलं असेल. गावातली चार माणसं जमली. त्यांच्यात एक म्हातारा होता, तो अगदी समजुतीने म्हणाला, ‘आवं ठेकेदार, काम पुरं झालं, पैसं पोचलं, म्हनूनच परांची काढली न्हवं? आन आमच्या म्होरं फेटा बांधून घेतला की तुमी. येनं असलेला मानूस फेटा बांधून घेतोय व्हय?’

आमच्या मुलखात फेटा घेतला की काम पोचलं, व्यवहार मिटला, असंच धरतात. मला हे माहीत नव्हतं काय? वीस वर्षं मी गिऱ्हाइकांच्या फेट्यांना हात जोडत आलो होतो, ‘आधी बिल, मग मान’ म्हणून. एका ‘साहेबा’पायी विसरलो. गोदामाचं काम मेव्हण्याने केव्हाच दुसऱ्याला दिलं होतं.

मी तडफडत सांगलीला परतलो तर ज्ञानू वाड्यात बसलेला.

‘अण्णा, तेवढं सहाशे ईस.’

‘अजून मिळाले नाहीत. मिळाले की देतो.’

चार दिवसांनी पुन्हा आला. मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा जूनचा पहिला आठवडा संपत होता. माझ्या डोक्यात सुभेदार होता, सिमेंटवाला होता, वाळूवाला होता. पेटीत आठशे-नऊशे रुपये होते, हे मी लपवत नाही. पण ते सिमेंटवाल्याला द्यायचे होते. त्याला दिले नसते तर पुढचं परमिटचं सिमेंट मिळालं नसतं. मी भडकलो.

‘तिथं माझे तीन हजार बुडाल्यात आन तू सहाशे घेऊन बसलाईस! सुभेदाराकडनं आले की देतो म्हणालो ना? त्याला जाऊन विचार!’

ज्ञानू माझ्याकडे बघत राहिला. ओरडणाऱ्या माणसाकडे बघतो तसं नव्हे. जोत्याच्या दगडाकडे बघायचा तसं. कुठून चीर गेली आहे ते शोधत.

‘अण्णा,’ तो म्हणाला, ‘सुभेदार मला वळखतो का? मी काम कुनाचं केलं?’

‘माझं. म्हणून तर म्हणतोय, थोडा दम धर.’

‘बरं,’ तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातली त्याची पेटी नव्हती. छिन्नी, हातोडे, गुण्या, ओळंबा, सगळं घेऊन गेला. माझं काही नेलं नाही, माझ्या दोन थाप्या धुऊन खिडकीत ठेवल्या होत्या. महिन्याभरात त्याची माणसंही एकेक करून गेली.

आणि मी काय वाईट केलं होतं? बुडवले होते का? देतोच म्हणालो होतो. धंद्यात मागेपुढे होतं. आठ वर्षांच्या ओळखीत सहाशे वीस रुपयांसाठी एवढं काय? असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. लोक मान हलवत. कुणी वाद घातला नाही, त्यामुळे मला आणखीच चीड येई.

सुमन त्या वर्षी साताऱ्याला गेली नाही. हे मला दिवाळीनंतर कळलं. तिची जागा दुसऱ्या मुलीला गेली आणि ती हळद काढायला मजुरीवर जात होती. पुढच्या जूनमध्ये ज्ञानूने तिला पाठवलं. साताऱ्यात दगडकाम घेऊन, जवळच खोली करून.

मी त्याला शोधत गेलो ते त्याच पावसाळ्याच्या तोंडाला. खरं सांगायचं तर नुसते पैसे द्यायला गेलो नव्हतो. मिरजेला मला एका शाळेचं काम मिळालं होतं, घडीव दगडाचं, आणि ते जमेल असा माणूस मला सापडत नव्हता. दोन गवंडी लावून बघितले, दोघांनी सांधी अशा बसवल्या की त्यांच्यात माझी बोटं जात होती.

साताऱ्यात एका नव्या वसतिगृहाच्या भिंतीवर तो होता. मला बघून खाली उतरला, हात कोपरापर्यंत धुतले, पुसले. ‘बसा,’ म्हणाला, आणि वाळूवर पोतं टाकलं. घरचं सगळं विचारलं. राग कुठेच दिसत नव्हता. त्यामुळे मला धीर आला.

मी नोटा त्याच्या हातात ठेवल्या. त्याने मोजल्या. सहाशे सत्तर. पन्नास वेगळे काढले.

‘ह्ये कशाचं?’

‘उशीर झाला जरा. त्याबद्दल.’

त्याने त्या पाच नोटा बोटांत सरळ केल्या. ‘वर्साचं पन्नास व्हय?’ असं म्हणून परत माझ्या हातात दिल्या. टोमणा मारला असं मला वाटलं, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. मग पेन्सिलीने एका चिठोऱ्यावर, ‘सहाशे वीस पोचले’ असं लिहून खाली सही करून दिली. आठ वर्षांत आमच्यात कधी पावती झाली नव्हती.

मी ती खिशात घातली आणि मिरजेच्या शाळेचं बोललो. नकाशा काढून दाखवला. त्याचे डोळे नकाशावर फिरायला लागले, बोट दर्शनी कमानीवर थांबलं. मी ओळखलं, माणूस येणार. ‘ह्या बाईला निळा दगूड लागंल,’ तो म्हणाला.

‘आणू की. तू म्हणशील तो आणू. कधी येतोस?’

‘आगाऊ किती देताय?’

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. अनोळखी गिऱ्हाइकांकडून आगाऊ घ्यायला तो मला सांगायचा. माझ्याकडून त्याने आठ वर्षांत कधी एक रुपया आगाऊ मागितला नव्हता. शनिवारी हिशेब केला की बास.

‘मला? ज्ञानू, मला आगाऊ मागतोस?’

‘व्हय. उक्त्याच्या निम्मं. काम सुरू व्हायच्या आदी.’

माझ्या खिशात पैसे होते. शाळेच्या कमिटीने मला पहिला हप्ता दिला होता, त्यातून निम्मे सहज निघाले असते. मला फक्त हो म्हणायचं होतं. तो नकाशा अजून त्याच्या गुडघ्यावर होता.

‘चौथाई देतो,’ मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. वाळूवाल्याशी, विटवाल्याशी, वीस वर्षं जे तोंड चाललं तेच चाललं. मी पुढे लगेच म्हणणार होतो, की बरं, तिसरा हिस्सा. आणि मग निम्म्यावर आलोही असतो. व्यवहार असाच होतो.

ज्ञानूने नकाशाची घडी घातली, माझ्याकडे दिली. ‘इचार करा,’ म्हणाला, अगदी नम्रपणे, आणि वर चढून गेला.

मी खाली उभा राहिलो. ओरडावंसं वाटत होतं, पण कशावर ओरडायचं ते सापडेना. वर त्याच्या बाजूला काम करणाऱ्या गवंड्याने माझ्याकडे वाकून बघितलं आणि त्याला विचारलं, ‘कोन रं त्ये, मिस्त्री? तुमचं कोन पावनं हायत व्हय?’

ज्ञानू दगडाची कड हाताने चाचपत होता. त्याने मान वळवली नाही.

‘न्हाई,’ तो म्हणाला. ‘गिऱ्हाईक हाय.’